कुलूप वकील

ती गेली तेव्हा वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. माजी व्यावसायिक फुटबॉलपटू आणि ज्येष्ठ वकील, वय सदुसष्ट, अल्प आजाराने निधन. आजार काही अल्प वगैरे नव्हता. चार वर्षं ती त्या आजाराला तारखा देत होती. पण ते जाऊ दे. तिच्या धाकट्या भावाचा मला फोन आला. "ताई, कोर्टाच्या ग्रंथालयात सभा ठेवलीय. वकील मंडळी बोलतीलच. पण तिला खेळताना पाहिलेलं कुणीतरी हवं. तू बोल."

"मला भाषण येत नाही रे."

"भाषण नको. काय झालं तेवढं सांग."

म्हणून मी सांगितलं. तिथे मला पंधरा मिनिटं दिली होती. इथे कुणी घड्याळ दाखवणार नाही, तेव्हा नीट सगळं लिहून ठेवते.

मी तिच्या क्लबची फिजिओ होते. खेळाडूंचे आखडलेले स्नायू मोकळे करायचे, घोटे नि मनगटं पट्टीनं बांधायची, दुखण्यांची नोंद ठेवायची, हे माझं काम. सगळ्या मुली मला ताई म्हणायच्या. ती आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, उंच, काटकुळी, हात गुडघ्यापर्यंत पोचतील असे लांब. गोलकीपर. पहिल्या मोसमात सलग नऊ सामने तिनं एकही गोल होऊ दिला नाही. नवव्या सामन्यानंतर आमची कप्तान कपडे बदलता बदलता म्हणाली, "हिनं कुलूपच लावलंय तिथे." त्या दिवसापासून ती कुलूप. प्रेक्षक ओरडायचे ते कुलूप, बातम्यांत यायचं ते कुलूप, आणि पुढे कोर्टातसुद्धा तेच नाव तिला चिकटून राहिलं.

तिची आई घरी पडदे शिवायची. लेकीचा पहिला सामना बघायला आली ती नेमकी गोलच्या मागे बसली आणि दीड तास डोळ्यांवर पदर धरून बसली. सामना संपल्यावर मला म्हणाली, "चेंडू अंगावर येतोय म्हटल्यावर माणूस बाजूला होतं. ही त्याच्या अंगावर काय जाते? लहानपणी पडली होती डोक्यावर, त्याचंच असेल."

आठ वर्षं ती खेळली. मी खूप खेळाडू बघितले, पण असं खेळणं कमीच बघितलं. ती चेंडूकडे बघायचीच नाही. मारणाऱ्याच्या दुसऱ्या पायाकडे बघायची, जो जमिनीवर रोवलेला असतो त्याकडे. "मारणारा पाय फसवतो, ताई," मला एकदा म्हणाली होती, "उभ्या पायाला फसवायला वेळच नसतो."

आठव्या वर्षी लीगचे, अंतिम सामना धरून, शेवटचे तीन सामने राहिले होते आणि आम्ही पहिल्या क्रमांकावर होतो. सरावात ती उडी मारून खांबावर आपटली. उजवं मनगट टम्म सुजलं. क्लबच्या डॉक्टरांनी स्कॅन करून आणला. दुपारी मी पट्टीचा नवा रोल घ्यायला त्यांच्या खोलीत गेले, तर टेबलावर तिचा रिपोर्ट उघडाच पडलेला. मनगटात अंगठ्याच्या बाजूला काजूएवढं एक हाड असतं. त्याला रक्त कमी पोचतं, म्हणून ते तडकलं की लवकर जुळत नाही. विश्रांती दिली नाही तर मरतंच. ते हाड तडकलं होतं. रिपोर्टात साफ लिहिलं होतं.

डॉक्टर आत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं.

"वाचलंस?"

"हो."

"मग विसरून जा. तीन सामने आहेत. ही नसली तर आपण सगळे घरी बसू. तू पण."

माझ्या पदरात दोन शाळकरी पोरं होती आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर चालायचं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तेव्हा भीती कशाची होती, एवढंच सांगते.

मी बाहेर आले. ती बाकावर बसून बर्फाच्या पिशवीवर मनगट टेकवून माझी वाट बघत होती.

"काय आहे गं ताई रिपोर्टमध्ये?"

मी म्हटलं, "मुरगळलंय."

आयुष्यात मी खूप शब्द बोलले असेन. त्या एका शब्दाइतका जड शब्द दुसरा नाही.

पुढचे तीन सामने मी तिचं मनगट बांधलं. डॉक्टर दुखणं मारायची सुई टोचायचे, मी पट्टी बांधायची, ती हातमोजा चढवायची आणि मैदानात जायची. शेवटचा सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. तिनं दुसरी अडवली, चौथी अडवली. पाचवी उजव्या कोपऱ्यात वर आली. ती उडाली आणि उजव्या हातानं चेंडू बाहेर ढकलला. त्या क्षणी मैदानात काय गजर झाला! लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, आमची कप्तान गवतावर बसून ढसाढसा रडली. आणि ती जमिनीवर पडलेली, हात छातीशी धरून, हसत होती. त्या दिवसाच्या फोटोत तिनं चषक डाव्या हातानं वर धरलाय. लोकांना ती ऐट वाटली. उजव्या हातात कागदसुद्धा धरवत नव्हता.

दोन ऑपरेशनं झाली. हाड मेलेलं होतं ते काढलं, उरलेली हाडं एकमेकांना जोडून टाकली. मनगट वळायचं कायमचं बंद झालं. सत्ताविसाव्या वर्षी खेळ संपला. क्लबनं समारंभ केला, फुलं दिली, भिंतीवरचं एक मोठं घड्याळ दिलं. तिची आई घड्याळाकडे बघून म्हणाली, "निघायची वेळ झाली हे तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं."

त्याच दिवशी मॅनेजरनं तिच्यापुढे सतरा पानांचा कागद ठेवला. सही कर म्हणाला.

"काय आहे यात?"

"नेहमीचंच."

तिनं डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली आणि आपली प्रत पिशवीत घातली. घरी जाताना बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. मग आईला म्हणाली, "आई, सतरा पानं नेहमीचंच कसं असेल गं?"

त्याच वर्षी तिनं कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं.

वर्गातली एकोणीस-वीस वर्षांची पोरं तिला काकू म्हणायची. ती म्हणायची, "म्हणा बाळांनो, पण काकूला नोट्स द्या." खरी अडचण अक्षराची होती. उजव्या हातानं पेन धरता येईना, डाव्या हाताला लिहायची सवय नाही. पहिल्या वर्षी तिला सगळं येत असून ती नापास झाली, कारण तीन तासांत निम्मा पेपरसुद्धा लिहून होईना. तेव्हा तिनं बालवाडीतल्या मुलांची चार रेघी वही आणली आणि आईच्या शिवणयंत्राशेजारी बसून रोज दोन तास अ, आ, इ गिरवायला लागली. आई यंत्र चालवता चालवता डोकावायची. "'ळ' ला पोट काढ जरा. उपाशी दिसतोय." वर्षभरानं तिनं तोच पेपर दहा मिनिटं आधी लिहून संपवला. निकालाच्या दिवशी आईनं ती वही पडद्याच्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवली, दागिने ठेवतात तशी.

शिकून झाल्यावर एका सत्तरीच्या वकिलांकडे ती कामाला लागली. त्यांना एका कानानं ऐकू यायचं नाही आणि दुसऱ्यानं ते ऐकायचे नाहीत, असं ती म्हणायची. पण माणूस जाणता. पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला बाजूला घेतलं. "तू फार लवकर उडी मारतेस. समोरच्याला बोलून संपवू दे. जो जास्त बोलतो तो कुठेतरी जास्तीचं बोलतोच." तिनं हे मनावर घेतलं. तीन वर्षांनी तिनं स्वतःचं ऑफिस थाटलं, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिना इतका अरुंद की लठ्ठ अशिलाला आडवं होऊन चढावं लागायचं. तिच्याकडे यायच्या त्या नर्स, ड्रायव्हर, गिरणीतल्या बाया, नोकरीवरून काढून टाकलेली माणसं. नवा माणूस टायपिस्टला विचारायचा, "वकिलाचं नाव कुलूप कसं काय हो?" टायपिस्ट मान वर न करता सांगायचा, "समोरच्याच्या तोंडाला लावतात म्हणून."

मी क्लब केव्हाच सोडला होता आणि एका हॉस्पिटलात नोकरी करत होते. आमचं येणंजाणं होतं. ती माझ्या मुलाच्या लग्नात दिवसभर उभी होती, मी तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणात रोज जायचे. आणि चौदा वर्षं मी तो शब्द पोटात ठेवून तिच्यासमोर चहा पीत होते.

मग ती मुलगी आली. त्याच क्लबची, डाव्या कडेनं खेळणारी विंगर, बावीस वर्षांची. गुडघा इतका गेलेला की जिना बसत बसत चढली. बाहेरच्या डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागितले, तर क्लबनं साफ नकार दिला. करारात लिहिलंय म्हणे, क्लबनं केलेल्या तपासण्यांचे कागद ही क्लबची मालमत्ता. कुलूपनं तिचं वकीलपत्र घेतलं, दावा दाखल केला आणि एका रविवारी सकाळी वही घेऊन माझ्या घरी आली.

"ताई, तुला आतलं माहीत आहे. रिपोर्ट आला की कुठे जायचा?"

मी ठरवलं होतं, विचारेल तेवढंच सांगायचं. सांगायला लागले. "दोन फायली असायच्या. निळी आणि पिवळी. निळी खेळाडूला दाखवायची."

"आणि पिवळी?"

"डॉक्टर आणि मॅनेजर. बस्स."

ती डाव्या हातानं भराभर लिहीत होती. "पिवळीत काय असायचं?"

"खरं," मी म्हटलं.

तिचं पेन थांबलं. तिनं मान वर केली नाही. वहीकडे बघतच विचारलं, "माझी पिवळी होती?"

"होती."

"तू पाहिलीस?"

"पाहिली. शेवटच्या तीन सामन्यांच्या आधी. हाड तेव्हाच तडकलं होतं. तू मला विचारलंस, आणि मी म्हटलं मुरगळलंय."

ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची की त्या पाचव्या पेनल्टीनं माझं मनगट नेलं, पण चेंडू काही आत गेला नाही. हात गेला त्याबद्दल तिला दुःख नव्हतं, उलट अभिमान होता. तो अभिमानही मी त्या सकाळी तिच्याकडून काढून घेतला.

शेवटी ती म्हणाली, "तारीख आठवते?"

मला आठवत होती. मी सांगितली. तिनं ती वहीत लिहिली, पेनाला टोपण लावलं आणि उठली. दारात तिच्या सँडलचं बक्कल एका हातानं लागायचं नाही, नेहमी मी लावून द्यायचे. मी सवयीनं वाकले. तिनं पाय मागे घेतला आणि पट्टा तसाच लोंबकळत ठेवून जिना उतरून गेली.

अकरा दिवस तिचा फोन नाही. बाराव्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात माझ्या खोलीचं दार उघडून ती आत आली. मी एका आजोबांचा खांदा फिरवत होते. तिनं आजोबांना नमस्कार केला, ते जाईपर्यंत खुर्चीवर शांत बसली आणि मग पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"वाच. चौदावं पान."

तोच तो सतरा पानांचा कागद. शेवटी विम्याची काही पानं जोडलेली होती. क्लब आपल्या मोठ्या खेळाडूंचा विमा काढायचा. चौदाव्या पानावर तिचं नाव, खाली बारीक अक्षरात: 'उजवे मनगट वगळून.' आणि तारीख. मी सांगितलेल्या तारखेनंतर बरोबर दोन दिवसांची.

"मला सांगितलं मुरगळलंय," ती म्हणाली, "आणि विमा कंपनीला सांगितलं तडकलंय. चौदा वर्षं हा कागद माझ्या कपाटात होता, ताई. वकील होऊन आठ वर्षं झाली मला. दुनियेचे कागद वाचले, हा नाही वाचला."

मी ते पान पुन्हा एकदा वाचलं.

"विमा कंपनीकडे पिवळ्या फायलींच्या प्रती असणार," ती पुढे म्हणाली. "सगळ्यांच्या. पण तसं म्हणायला आधी कुणीतरी कोर्टात सांगायला हवं की पिवळ्या फायली होत्या. तू सांगशील?"

"सांगेन."

"तू मला काय म्हणालीस तेसुद्धा?"

"तेसुद्धा."

"नाव खराब होईल तुझं. नोकरीवरही येईल कदाचित."

"येऊ दे," मी म्हटलं. "तुझ्या हातासाठी एवढं तरी..."

तिनं मला तिथेच थांबवलं. "माझ्या हातासाठी नाही. माझी दावा करायची मुदत केव्हाच संपली. त्या पोरीच्या गुडघ्यासाठी."

कोर्टात मी पहिल्यांदाच गेले. वाटलं होतं मोठं दालन असेल. साधी खोली होती, रंग उडालेली बाकं, एक पंखा चालू आणि एक बंद. क्लबचे वकील उठले आणि सुरुवातीलाच म्हणाले की या वकीलबाई स्वतः क्लबच्या जुन्या खेळाडू, त्यांचा जुना राग आहे, तो काढायला हा दावा आहे. न्यायाधीशांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "राग आहे, साहेब. स्वतःसाठी मागणं मात्र काही नाही. तसं लिहून देते." आणि डाव्या हातानं तिथल्या तिथे लिहून दिलं.

मग मला उभं केलं. कुलूप मला ताई म्हणाली नाही. "साक्षीदारांनी सांगावं," असं म्हणत होती. मी सगळं सांगितलं, निळं आणि पिवळं, डॉक्टर काय म्हणाले, मी काय म्हणाले. ती पुढचा प्रश्न विचारायच्या आधी प्रत्येक वेळी थोडं थांबायची, माझा श्वास जागेवर येईपर्यंत. तेवढीच काय ती माया.

क्लबचे वकील उलटतपासणीला उठले. अतिशय गोड बोलणारा गृहस्थ.

"बाई, तुम्ही आपल्याच खेळाडूशी खोटं बोललात?"

"हो."

"चौदा वर्षं ते खोटं लपवलंत?"

"हो."

"तिच्या घरी जाऊन चहा पीत होतात?"

"हो."

"मग इतकं सराईतपणे खोटं बोलणाऱ्या बाईवर आज या कोर्टानं विश्वास का ठेवावा?"

मी कुलूपकडे बघितलं. ती कागदांत डोकं घालून बसली होती. मदत मिळणार नव्हती. आणि मग जे तोंडात आलं ते बोलून गेले.

"ठेवू नका," मी म्हटलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. कागद मागवा."

खोलीत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. क्लबच्या वकिलांना ते म्हणाले, "साक्षीदारांची सूचना रास्त आहे. कुठे आहेत कागद?"

त्यावर ते गृहस्थ बराच वेळ बोलले. अशा फायली नव्हत्याच, असल्या तर जुन्या होत्या, गोदामात पाणी शिरलं होतं, त्यात सगळं भिजलं, भिजलेलं फेकून दिलं, शिवाय ते डॉक्टर आता हयात नाहीत. कुलूपनं त्यांना एकदाही अडवलं नाही. ते पार बोलून दमून खाली बसले, तेव्हा ती उठली.

"म्हणजे फायली होत्या, साहेब. नसलेल्या फायली भिजत नाहीत."

या वेळी न्यायाधीशसुद्धा हसले. मग तिनं चौदावं पान पुढे केलं आणि विमा कंपनीकडच्या प्रती मागवण्याचा अर्ज दिला. क्लबचे वकील पुन्हा उठले, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं सगळ्यांना दिसत होतं.

पुढच्या तारखेला विमा कंपनीचा कारकून ढकलगाडीवर चार खोकी घेऊन आला. गाडीचं एक चाक कुरकुरत होतं. तो आवाज लांबच्या व्हरांड्यापासून जवळ येत गेला आणि बाकावरची ती विंगर माझा हात इतका घट्ट धरून बसली की बोटं बधिर झाली. चार खोक्यांत एकसष्ट खेळाडूंचे रिपोर्ट निघाले. गुडघे, घोटे, खांदे, पाठीचे मणके. काहींना निम्मं कळवलेलं, बहुतेकींना काहीच नाही.

निकाल न्यायाधीशांनी स्वतः वाचला. मला कायद्याची भाषा कळत नाही, पण एक वाक्य कळलं. शरीर खेळाडूचं आहे, आणि त्या शरीराची माहिती करारात लिहिल्यानं दुसऱ्या कुणाची होत नाही. इथून पुढे मैदानात उतरण्याआधी खेळाडूला तिचा रिपोर्ट तिच्या हातात मिळाला पाहिजे, आणि जुने सगळे रिपोर्ट ज्याचे त्याला परत करावेत. क्लब वरच्या कोर्टात गेला. तिथे दीड वर्ष गेलं आणि तिथेही क्लब हरला. विंगरचा गुडघा तोवर नव्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट बघून दुरुस्त केला होता. ती जिना चढून आली, उभ्यानं, एक एक पायरी मोजत.

रिपोर्ट वाटायचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. कोर्टाच्या मोठ्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं, त्यावर एकसष्ट लिफाफे. वाटलं होतं दहा-पंधरा जणी येतील. बावन्न आल्या. कुणी काठी घेऊन, कुणी नातवंडं घेऊन, कुणी नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून. ज्या हयात नव्हत्या त्यांच्या लेकी आल्या, एकीचा म्हातारा बाप आला. नाव पुकारलं की पुढे यायचं, सही करायची, लिफाफा घ्यायचा. थोड्याच वेळात सगळा व्हरांडा कागद उघडण्याच्या आवाजानं भरला.

एक जुनी बचावपटू कागद वाचता वाचता खाली बसली. मी धावले. तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ताई, बघ! माझा पाय उचलत नव्हता, तर मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणायचा, नाटकं करते. मलाही वाटायला लागलं होतं की मी नाटकीच. अगं, लिगामेंट तुटलं होतं! मी तुटलेल्या पायावर सात सामने खेळले!" तिनं तो कागद आपल्या मुलीला दाखवला, मग शेजारणीला, मग शिपायाला. कागद हातात झेंड्यासारखा धरून ती व्हरांडाभर लंगडत फिरली.

कुणीतरी म्हणालं, कुलूपला खांद्यावर घ्या. आमची जुनी कप्तान म्हणाली, "आपल्या बावन्न जणींत मिळून चार खांदे तरी धड आहेत का?" मग सगळ्या हसत सुटल्या. आणि हसता हसता कुणीतरी मैदानातली ती जुनी आरोळी सुरू केली. कुलूप! कुलूप! टाळ्या, पाय आपटणं, काठ्या फरशीवर. शेजारच्या खोलीतून एक न्यायाधीश चिडून बाहेर आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि काही न बोलता आत गेले.

ती टेबलापाशी उभी होती, काळा कोट घालून, कान लालबुंद. शेवटचा लिफाफा तिचा होता. तिनं फोडला, वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे दिला.

"काय आहे गं ताई रिपोर्टमध्ये?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. व्हरांड्यातला गोंगाट चालूच होता. मी कागद उघडला आणि मोठ्यानं वाचला, तारखेपासून सहीपर्यंत. मग म्हटलं, "हाड तडकलंय. खेळू नकोस."

"मी तरी खेळलेच असते," ती म्हणाली. "शेवटचे तीन सामने होते, मी थोडीच ऐकणार होते? पण मग मी खेळले असते, ताई. तुम्ही मला खेळवलंत. फरक आहे."

"आहे," मी म्हटलं.

"बरं झालं सांगितलंस." आणि तिनं तो आखडलेला उजवा हात माझ्या खांद्यावर टाकला. तो वळत नाही, त्यामुळे तिची मिठी नेहमी जरा टोचायची. त्या दिवशीही टोचली.

त्यानंतर वीसेक वर्षं तिनं वकिली केली. मोठे खटले लढली, काही हरलीसुद्धा. तिच्या हाताखाली तयार झालेल्या आठ वकील त्या सभेत माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पण मला जो दिवस सांगायचाय तो त्या निकालानंतरच्या पहिल्याच मोसमातला आहे.

आम्ही दोघी सामना बघायला गेलो होतो, आमच्याच जुन्या क्लबचा. संघाची यादी जाहीर झाली तर नेहमीच्या गोलकीपरचं नाव नाही. ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, रिपोर्ट पाहून खेळाडूनं विश्रांती घ्यायचं ठरवलं आहे. कुलूप ताठ बसली. खाली बाकावर एक मुलगी कोट पांघरून बसली होती, बोटाला पट्टी, मांडीवर पाण्याची बाटली. तिच्या जागी उतरलेली बदली गोलकीपर अगदीच नवखी. पहिल्या अर्ध्या तासात दोन गोल खाल्ले, मध्यंतरानंतर आणखी एक. आमच्या बाजूचे प्रेक्षक डोकं धरून बसले. मॅनेजर खाली येरझाऱ्या घालत होता, मधूनच बाकाकडे बघत होता, पण बाकापाशी जाऊन एक शब्द बोलायची त्याची छाती नव्हती.

चौथा गोल झाला तेव्हा कुलूप उठून उभी राहिली आणि डाव्या हातानं मांडीवर जोरजोरात थापा मारायला लागली, तिच्या टाळ्या त्याच. आनंदानं चेहरा नुसता फुललेला. सगळ्या रांगेनं वळून बघितलं.

शेजारचा गृहस्थ भडकला. "अहो बाई, आपल्यावर चार गोल झाले! तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूनं?"

"त्या बाकावर बसलीय ना," ती खाली बोट दाखवून म्हणाली, "तिच्या."